भिंतीतला तुटका नळ

कितीतरी पिढ्यांमागची ही गोष्ट. तेव्हा राजे होते, पण ते फार लांब राहत. पाणी मात्र जवळ होतं. गावाच्या माथ्यावरच्या डोंगरातून ते झिरपायचं आणि खापराच्या नळांतून गावात उतरायचं.

ते नळ कुंभाराच्या भट्टीत भाजलेले असत. एका नळाच्या तोंडात दुसऱ्याचं टोक घालायचं आणि सांधा चुन्याने लिंपून टाकायचा, अशी त्यांची जोडणी. प्रत्येक घराच्या परसात एक दगडी डोण होती. पहिल्या घरची डोण भरली की वरचं पाणी दुसऱ्या घरी जायचं, दुसऱ्याची भरली की तिसऱ्या घरी. आपली डोण भरून घ्यावी आणि पाणी पुढे जाऊ द्यावं, एवढाच गावाचा नियम होता. तो इतका जुना होता की कुणी कुणाला सांगत नसे.

या ओळीत शेवटून दुसरं घर निंबाजीचं होतं. निंबाजी अंबाडीचे दोर वळायचा. हे काम एकट्याचं नव्हे. एकाने फिरकी फिरवायची, दुसऱ्याने पेड हातात धरून मागे मागे सरकायचं. फिरकी निंबाजीच्या हातात असायची आणि पेड त्याच्या बायकोच्या. दोघं फारसं बोलत नसत. दोराला किती पीळ बसला हे तिला बोटांना कळायचं, मग ती मान हलवायची आणि तो थांबायचा.

निंबाजीच्या परसामागे जाड दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे ओळीतलं शेवटचं घर, सारजाबाईचं. या दोन घरांना भिंत एक होती, पण दारं दोन वेगवेगळ्या गल्ल्यांत होती. निंबाजीचं दार वरच्या आळीत, सारजाबाईचं खालच्या आळीत. दारातून जायचं तर देवळाला वळसा घालून, बाजारातून, चिंचेखालून जावं लागे. पाणी तेवढं सरळ जायचं. निंबाजीच्या डोणीपासून भिंतीपर्यंत एक नळ होता. भिंतीत आरपार भोक पाडलेला एक घडीव दगड बसवला होता. नळाचं टोक त्या भोकातून पलीकडे निघायचं आणि सारजाबाईच्या डोणीत धार पडायची.

सारजाबाई वयाने निंबाजीपेक्षा मोठी. तो तिला आक्का म्हणायचा. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा केव्हाच वारला होता. परसात तिने अबोली आणि मोगरा लावला होता. सकाळी फुलं तोडायची, गजरे करायचे आणि देवळासमोर बसून विकायचे, यावर तिचं चालायचं.

एका हिवाळ्यात निंबाजीच्या बायकोला ताप भरला. तो उतरला नाही. ती गेली.

लोक आले, बसले. दिवसकार्य झालं, लोक आपापल्या घरी गेले. निंबाजीने दार लावून घेतलं ते लावलेलंच राहिलं. सुरुवातीला कुणी भाकरी घेऊन यायचं, कुणी नुसतंच विचारपूस करायला. तो आतून उत्तर देत नसे. येणाऱ्याला वाटायचं, झोपला असेल. पुढे पुढे लोकांनी येणं सोडलं. त्यात रागाचं काही नव्हतं. बंद दारापुढे माणूस किती दिवस उभं राहणार?

निंबाजीने काम सोडलं नाही. पेडांचं दुसरं टोक त्याने एका खुंटीला बांधलं आणि एकट्यानेच फिरकी फिरवायला घेतली. दोर व्हायचा, पण कुठे घट्ट, कुठे सैल. खुंटीला बोटं नव्हती. तो दोर उलगडायचा आणि पुन्हा वळायला घ्यायचा.

अशाच एका सकाळी तो पाणी भरायला डोणीपाशी गेला. मोठा तांब्याचा हंडा तो आणि बायको नेहमी दोघं मिळून उचलत. त्या दिवशी सवयीने त्याने तोच हंडा भरला, एका बाजूचा कान धरला आणि दुसऱ्या बाजूने कुणी उचलेल अशी क्षणभर वाट पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने तो एकट्याने उचलू पाहिला. हंडा हातून सुटला आणि भिंतीकडे जाणाऱ्या नळावर पडला.

नळ भिंतीलगतच तुटला. बाहेरच्या भागाच्या खापऱ्या झाल्या आणि आतलं टोक दगडाच्या भोकात अडकून राहिलं. डोणीतलं पाणी भिंतीपाशी सांडू लागलं आणि बघता बघता परसात चिखल झाला.

निंबाजीने त्या चिखलाकडे नुसतं पाहिलं. मग एक फाटकं धोतर घेतलं, त्याचा बोळा करून डोणीतून नळात पाणी जायच्या भोकात कोंबला. डोण काठोकाठ भरली आणि जास्तीचं पाणी दुसऱ्या कडेने गल्लीतल्या गटारात जाऊ लागलं. चिखल थांबला. निंबाजी घरात गेला. पाणी कुठे जायचं होतं आणि आता कुठे जातंय, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. त्या दिवसांत त्याच्या मनात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "निंबा, ए निंबा."

सारजाआक्काचा आवाज त्याने ओळखला. त्याला वाटलं, आक्का आता समजूत घालणार. म्हणणार की जे झालं ते झालं, तिचं तेवढंच आयुष्य होतं. हे त्याने इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की आणखी एकदा ऐकायची ताकद नव्हती. तो गप्प बसून राहिला. दुसऱ्या दिवशी हाक आली, त्यानंतरही येत राहिली. हाक आली की तो फिरकी जोराने फिरवायचा, म्हणजे तिच्या खरखरीत पुढचे शब्द बुडून जायचे. काही दिवसांनी हाका थांबल्या. त्याला बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं रितंही वाटलं, पण का ते त्याने शोधलं नाही.

हिवाळा सरला, ऊन तापलं. चैत्रातल्या एका सकाळी त्याच्या दारावर थापा पडल्या. तो उठला नाही, पण थापा थांबेनात. शेवटी त्याने दार उघडलं. बाहेर परगावची एक बाई उभी होती. तिच्या लेकीचं लग्न होतं, आणि लग्नाचे गजरे ती सारजाबाईकडूनच घेणार होती, कारण तिच्या स्वतःच्या लग्नातले गजरेही तिथलेच होते. पण सारजाबाईच्या दाराला कुलूप होतं. ती कुठे गेली, हे भिंतीच्या शेजाऱ्याला ठाऊक असेल म्हणून ही बाई इथवर आली होती.

निंबाजी म्हणाला की आक्का कुठे जाईल, देवळापाशी बसली असेल.

बाई म्हणाली, "दादा, तिची झाडं वाळून गेली आहेत. कुंपणातून पाहिलं मी. देवळापाशी ती कशाला बसेल?"

ती बाई गेली. निंबाजी उंबऱ्यात उभाच राहिला. मग कितीतरी दिवसांनी त्याने पायांत वहाणा घातल्या आणि देवळाला वळसा घालून, बाजारातून, चिंचेखालून तो खालच्या आळीत गेला.

दाराला कुलूप होतं, पण परसाचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. तो आत गेला. अबोलीच्या जागी काटक्या उभ्या होत्या. मोगऱ्याची पानं उन्हाने कुरकुरीत होऊन बुडाशी पडली होती. डोण कोरडी होती. तिच्या तळाचं शेवाळ वाळून पापुद्रे झालं होतं. वर भिंतीत नळाचं तोंड होतं, आणि त्यात कोळ्याने जाळं विणलं होतं.

निंबाजीने त्या जाळ्यावर बोट ठेवलं, आणि मग सगळं त्याच्या ध्यानात आलं.

शेजारी एक विणकर राहत होता. त्याच्याकडून बाकीचं कळलं. पाणी बंद झालं तशी सारजाबाई नदीवरून कळशीने आणून झाडांना घालत होती. नदी लांब, चढ उभा. एकदा ती घसरली आणि तिचा पाय मुरगळला. विणकराने तिला म्हटलं होतं की निंबाजीच्या घरी जाऊन त्याला सांगावं. पण ती म्हणाली की इतक्या हाका मारल्या, त्याने ओ दिली नाही. पाणी त्याने जाणूनच अडवलं असेल. आपलं काही चुकलं असेल, काय ते आठवत नाही. पाय बरा होईना, फुलं संपली. मग घाटापलीकडे तिच्या भाचीचं गाव होतं, तिथे ती निघून गेली.

निंबाजी घरी परतला. त्या दिवशी त्याने फिरकीला हात लावला नाही. तो भिंतीपाशी जाऊन बसला आणि दगडाच्या भोकातलं ते तुटकं टोक पाहत राहिला.

आधी त्याला सोपा उपाय सुचला. कुंभाराकडून त्याने नवा नळ आणला, भोकातल्या तुकड्याला टेकवून बसवला, वरून फडकं गुंडाळून चुना थापला. बोळा काढला. पाणी भिंतीपर्यंत गेलं आणि फडक्यातून भळाभळा बाहेर आलं. तुटलेल्या कडा वेड्यावाकड्या होत्या, त्यांच्यावर नवा नळ बसणार कसा? जुना तुकडा आत होता तोवर नव्याला जागाच नव्हती.

मग त्याने हातोडी आणि छिन्नी घेतली. दोन-चार घाव घातले तोच घडीव दगडाची एक कपची उडाली. तो चटकन थांबला. हा दगड फुटला तर भिंत उघडी पडली असती, आणि असा दगड घडवणारे हात आता गावात नव्हते. तुकडा काढायचा होता, पण त्याला धरून बसलेलं भोक जसंच्या तसं राहायला हवं होतं.

हातोडी बाजूला ठेवून तो विचार करू लागला. तुकड्याला चुन्याने धरलंय. चुना आंबटाने विरघळतो. त्याने चिंचेचं दाट पाणी गरम केलं आणि तुकड्याभोवतीच्या सांध्यात थोडं थोडं सोडलं. मग दोर ओवायचं दाभण घेऊन मऊ पडलेला चुना टोकरायला बसला. नखाएवढा निघायचा. पुन्हा चिंचेचं पाणी, पुन्हा दाभण. दोन्ही हात गुंतलेले, डोळे भोकाकडे. दिवस कसा गेला ते कळलं नाही.

आपल्या बाजूचा चुना निघाला, पण पलीकडचाही काढायला हवा होता. मग चिंचेच्या पाण्याचं मडकं आणि दाभण घेऊन तो देवळाला वळसा घालून सारजाबाईच्या परसात जायचा, तिकडून टोकरायचा आणि पुन्हा आपल्या घरी यायचा. बाजारातले लोक पाहायचे. महिनोन्‌महिने दाराबाहेर न पडलेला माणूस मडकं घेऊन ये-जा करतोय, हे काय आहे? कुणीतरी विचारलंच. निंबाजी म्हणाला की आक्काचा नळ काढतोय. इतक्या दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकून तो स्वतःच दचकला.

शेवटी तुकडा हलू लागला. निंबाजीने पांगाऱ्याच्या वाळल्या लाकडाची खुंटी तासली आणि तुकड्याच्या पोकळीत ठोकून बसवली. तिच्यावर पाणी शिंपडलं. लाकूड भिजून फुगलं आणि तुकड्याला आतून घट्ट धरून बसलं. खुंटीला दोर बांधून त्याने ओढलं. तुकडा बोटभर सरकला आणि अडला. पलीकडून कुणी ढकललं असतं तर तो सहज आला असता. पण पलीकडे कुणी नव्हतं.

तो चालत पलीकडे गेला, काठीने तुकडा आत ठोसला. किती सरकला ते तिथून दिसेना, म्हणून चालत परत आला. थोडा सरकला होता, पण तिरका झाला होता. ओढून सरळ केला. पुन्हा पलीकडे गेला. एका हाकेचं काम होतं. "आता ढकल" म्हणायचं आणि "बस" म्हणायचं. ते दोन शब्द ऐकायला भिंतीपलीकडे माणूस नव्हतं, म्हणून सारं गाव पालथं घालावं लागत होतं. चिंचेखालून जाताना एकदा तो थांबला, खोडाला हात टेकला आणि रडला. बायकोसाठी रडला, हे खरं. पण आक्कासाठीही रडला, आणि न दिलेल्या त्या ओसाठीही.

ऊन कलताना तुकडा पुरा बाहेर आला. हातभर लांबीचा, चुन्याने माखलेला, आतून काळा पडलेला. निंबाजीने तो जमिनीवर ठेवला आणि वाकून रिकाम्या भोकातून पाहिलं. पलीकडचं परस दिसत होतं. सारजाबाईची ओसरी, तिचं बंद दार, वाळलेली अबोली. इतकी वर्षं शेजार होता आणि मध्ये एवढंच अंतर होतं.

नवा नळ त्याने सावकाश बसवला. सांध्यात अंबाडीचे धागे तेलात बुडवून दाबले, वर चुना लिंपला आणि तो वाळेपर्यंत धीर धरला. मग डोणीचा बोळा काढून टाकला. पाणी गेलं, थेंबभरही सांडलं नाही. तो पलीकडे जाऊन पाहून आला. सारजाबाईच्या डोणीत आधी गढूळ आणि मग स्वच्छ धार पडत होती. ती पाहायला त्याच्याखेरीज कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो घाट चढून भाचीच्या गावी गेला.

सारजाबाई पडवीत बसून पावटे सोलत होती. पाय लांब केलेला होता. निंबाजीला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, पण ये म्हणाली नाही. तो खाली बसला.

मग तो म्हणाला, "आक्का, तुमचं पाणी सोडलंय. नळ तुटला होता. मी बोळा घातला आणि विसरलो."

"विसरलास?" सारजाबाई म्हणाली. "मी किती हाका मारल्या तुला."

"ऐकल्या. वाटलं, समजूत घालायला बोलावताय. ते ऐकवत नव्हतं."

सारजाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो वाळला होता, बोटांची टोकं चिंचेच्या पाण्याने सोलली होती. ती हलकेच म्हणाली, "समजूत घालायला मला येतं कुठे, निंबा? माझं माणूस गेलं तेव्हा मला तरी कुणाची समजूत पटली होती? पाणी येईना, म्हणून हाक मारत होते रे."

निंबाजीने मान खाली घातली. मग त्याने विचारलं की येता का परत. सारजाबाईची भाची चांगली होती, जेवायला वेळच्या वेळी मिळत होतं. फक्त इथे तिला करायला काही नव्हतं, आणि तिची वाट पाहणारं फुलझाड नव्हतं. ती म्हणाली, "अबोली गेलीच असेल. मोगरा मुळाशी जगतो कधी कधी. बघू. पाय काय म्हणतो ते बघू."

तेवढंच बोलणं झालं. निंबाजी एकटाच घाट उतरून परत आला.

त्यानंतर तो रोज सकाळी खालच्या आळीत जायचा, सारजाबाईची डोण घासायचा, मोगऱ्याच्या बुडाशी पाणी घालायचा. घरी आला की दार उघडंच ठेवायचा. एकदा विणकर सहज आत आला, दोराचं दुसरं टोक धरून थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्याला पीळ कळत नव्हता, पण निंबाजीने दोर उलगडला नाही. तसाच ठेवला. बरेच दिवस पलीकडे पाणी रिकाम्या परसात पडत राहिलं. चिमण्या येऊन पीत. निंबाजी ऐकत बसायचा.

एका सकाळी तो फिरकी हातात घेऊन बसला होता, आणि पलीकडच्या धारेचा आवाज बदलला. डोणीत पडणारं पाणी भांड्यात पडू लागलं. आवाज आधी पोकळ होता, मग हळूहळू भरत वर चढला आणि थांबला. निंबाजी उठला नाही, हलला नाही. कळशी उचलून कुणीतरी लंगडत चार पावलं गेलं. मातीवर पाणी ओतल्याचा आवाज आला.

मग भिंतीपलीकडून हाक आली, "निंबा."

"ओ," निंबाजी म्हणाला.

एवढं ऐकून पलीकडे दुसरी कळशी धारेखाली लागली.

अबोली पुन्हा उगवली नाही. तिच्या जागी नवं रोप लावावं लागलं, आणि त्या वर्षी देवळासमोर गजरे विकायला आले नाहीत. जे वाळलं ते वाळलंच. निंबाजीचं घरही भरलं नाही. गेलेलं माणूस परत येत नसतं. पण ओळीतलं शेवटचं घर पुन्हा कधी कोरडं राहिलं नाही.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुःख आपलं असतं, पण आपल्या घरातून पुढे जाणारं पाणी आपल्या एकट्याचं नसतं, ते अडवू नये.